ईमच्या चर्चयार्डात जिओकॅशिंग : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेली मराठी माणसे पहिले काही महिने लंडन, बाथ, एडिनबरा करतात. मग पाय खेड्यांकडे वळतात. तिथे चर्च बाहेरून पाहून झाले, चहा झाला, की पुढे काय करायचे ते सुचत नाही. अशा प्रत्येकाला मी जिओकॅशिंग करायला सांगतो, आणि सुरुवात एखाद्या जुन्या गावच्या चर्चयार्डातून, म्हणजे चर्चभोवतीच्या दफनभूमीच्या आवारातून, करायला सांगतो. अंतर थोडे, चढ कमी, आणि वाचायला भरपूर. या लेखात मी डर्बीशरमधले ईम हे गाव धरून सगळ्या पायऱ्या सांगितल्या आहेत. तुमच्या जवळचे गाव दुसरे असेल तरी पद्धत हीच.

खेळ असा. कोणीतरी एक डबी लपवतो (तिलाच 'कॅश' म्हणतात) आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. तुम्ही फोनवरच्या नकाशाच्या आधाराने तिथे पोहोचता, डबी शोधता, आतल्या कागदावर नाव आणि तारीख लिहिता आणि डबी होती तशी परत ठेवता. २ मे २००० रोजी अमेरिकी सरकारने जीपीएसच्या संकेतांत मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि सामान्य माणसाच्या यंत्राची अचूकता एकाएकी वाढली. दुसऱ्याच दिवशी, ३ मेला, डेव्ह अल्मर यांनी ओरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवून तिचे ठिकाण इंटरनेटवर टाकले. आज जगभरात अशा तीस लाखांहून अधिक डब्या आहेत.

पुढचे सगळे विसरलात तरी चालेल, पण एवढे लक्षात ठेवा: चर्चयार्डात वाचायचे असते, शोधायचे नसते. डबी थडग्यांमध्ये लपवलेली नसते. थडग्यांवरच्या, फलकांवरच्या आकड्यांतून उत्तर काढायचे आणि डबी शोधायला आवाराबाहेर जायचे. नवखी मंडळी नेमके उलटे करतात. फोनवरचा बाण चर्चकडे दिसला की थडग्यांमागे वाकून हात घालू लागतात. तिथे कोणाचे तरी आजी-आजोबा पुरलेले असतात आणि त्यांची नातवंडे त्याच गावात राहत असतात.

बरोबर काय हवे

कागदपत्रे कसलीही लागत नाहीत. परवाना नाही, नोंदणी शुल्क नाही. सामान मात्र विचार करून घ्या.

- चार्ज केलेला फोन आणि पॉवर बँक. जीपीएस सतत चालू राहिला की बॅटरी भराभर उतरते.
- स्वतःचे पेन. लहान डबीत पेन मावत नाही, त्यामुळे आत मिळेल या भरवशावर जाऊ नका.
- छोटी वही. उत्तरे फोनमध्ये टिपायला गेलात तर पावसात स्क्रीन दाद देत नाही.
- भुवया कोरायचा चिमटा. तो कशासाठी ते पुढे येईल.
- लहान टॉर्च.
- पावसाळी जाकीट आणि पकड असलेले बूट. ईम ज्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये आहे तिथे उन्हाळ्यातही पायवाटांवर चिखल असतो.
- ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल २४ हा 'व्हाइट पीक' भागाचा कागदी नकाशा. सक्ती नाही, पण सार्वजनिक पायवाटा त्यावर इतक्या स्पष्ट दिसतात की एकदा सवय लागली की तुम्ही तो सोडणार नाही.

वेगळे जीपीएस यंत्र विकत घेऊ नका, फोन पुरतो. घ्यायचेच झाले तर उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र टाळा. तसले यंत्र परवानगीशिवाय भारतात नेता येत नाही आणि विमानतळावर अडकलेल्या प्रवाशांची उदाहरणे आहेत. सुट्टीला घरी जाताना ते बॅगेत राहून गेले तर नसती आफत.

पायरी १ : खाते आणि अ‍ॅप

जिओकॅशिंग डॉट कॉमवर फुकट खाते उघडा आणि त्यांचे अ‍ॅप घ्या. टोपणनाव आखूड ठेवा. ते बोटभर रुंदीच्या कागदावर पुन्हा पुन्हा लिहायचे आहे. काही कॅश फक्त पैसे भरणाऱ्या सभासदांना दिसतात. सुरुवातीला त्यांची गरज नाही.

अ‍ॅपमध्ये प्रत्येक कॅशचे पान असते. त्यावर चार गोष्टी आधी बघायच्या: प्रकार, आकार, काठिण्य आणि भूभाग. शेवटच्या दोन्ही १ ते ५ अशा मोजतात. भूभाग १ म्हणजे चाकाच्या खुर्चीवरूनही जमेल असा, ५ म्हणजे दोर किंवा होडी लागेल असा. पहिल्या वेळी दोन्ही आकडे २ च्या आतले निवडा.

पायरी २ : कॅश कोणता निवडायचा

हिरव्या खुणेचा 'ट्रॅडिशनल' कॅश सर्वांत सोपा. दिलेल्या जागी जा, डबी तिथेच आहे. 'मल्टी' म्हणजे टप्प्याटप्प्याचा: पहिल्या जागी माहिती गोळा करायची, तिच्यातून पुढचे अक्षांश-रेखांश काढायचे. निळ्या प्रश्नचिन्हाचा 'मिस्टरी' म्हणजे कोडे घरी सोडवूनच निघायचे.

ब्रिटनमध्ये 'चर्च मायक्रो' नावाची एक मोठी मालिका आहे. गावोगावच्या चर्चजवळ हजारो लहान डब्या, प्रत्येकीला मालिकेतला क्रमांक. शोधपेटीत हे दोन शब्द टाकले की जवळचे चर्च सापडतेच. यातले बरेच मल्टी असतात, कारण चर्चच्या परवानगीशिवाय आवारात डबी ठेवता येत नाही. म्हणून मांडणी अशी असते: वाचायचे आत, शोधायचे बाहेर.

निवडण्यापूर्वी आधीच्या लोकांच्या नोंदी वाचा. शेवटच्या तीन-चार नोंदी 'सापडला नाही' अशा असतील तर डबी बहुधा हरवली आहे. दुसरा कॅश घ्या. हे पाहिले नाही तर लहान मुलांना घेऊन केलेली अर्ध्या दिवसाची खेप फुकट जाते, आणि मुले पुन्हा यायचे नाव काढत नाहीत.

पान, नकाशा आणि सूचना घरच्या वायफायवर फोनमध्ये उतरवून ठेवा. त्या दऱ्याखोऱ्यांत मोबाइलचा सिग्नल केव्हा जाईल सांगता येत नाही. जीपीएसला सिग्नल लागत नाही, पण नकाशाचे चित्र उतरवायला इंटरनेट लागते.

पायरी ३ : जाण्याआधी गाव वाचा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. ईमसारख्या गावी ती गाळली तर कोड्याचे निम्मे धागे हातातून सुटतात.

सप्टेंबर १६६५ मध्ये लंडनहून आलेल्या कापडाच्या गठ्ठ्याबरोबर ईममध्ये प्लेग शिरला असे सांगितले जाते. शिंपी अलेक्झांडर हॅडफील्ड याच्याकडे राहणारा जॉर्ज व्हिकर्स हा पहिला बळी. पुढच्या उन्हाळ्यात साथ भडकली, तेव्हा चर्चचा रेक्टर, म्हणजे धर्मगुरू, विल्यम मॉम्पेसन आणि त्याच्या आधीचा धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली एकत्र आले. दोघांचे धर्ममत एक नव्हते, तरीही. गावाने त्यांचे ऐकून तीन गोष्टी मान्य केल्या. कोणी वेस ओलांडायची नाही. प्रार्थना चर्चमध्ये न करता ककलेट डेल्फ नावाच्या घळीत, उघड्यावर, घराघराने अंतर ठेवून करायची. आणि ज्याचे माणूस त्याने आपल्याच परसात किंवा शेतात पुरायचे. बाहेरचे लोक वेशीवर धान्य ठेवून जात, आणि गावकरी दगडातल्या खळग्यांत व्हिनेगर ओतून त्यात पैसे टाकत. नोव्हेंबर १६६६ मध्ये साथ थांबेपर्यंत सुमारे २६० माणसे गेली होती.

आपल्याकडे प्लेग म्हटले की १८९७ चे पुणे आठवते: घरात घुसणारे सोजीर, माळावरच्या झोपड्या, रोग्यांची सेवा करता करता १० मार्चला त्याच रोगाने गेलेल्या सावित्रीबाई फुले. तिथली सक्ती वरून आली होती. ईममध्ये गावानेच स्वतःला कोंडून घेतले. हा फरक डोक्यात ठेवून त्या आवारात पाऊल टाका, म्हणजे दगडांकडे बघण्याची नजरच बदलते.

कोड्याच्या दृष्टीने यातली कामाची गोष्ट म्हणजे तिसरा निर्णय. प्लेगमध्ये गेलेली माणसे शेतांत आणि परसांत पुरलेली आहेत. चर्चयार्डात ठळकपणे दिसते ते एकच थडगे, रेक्टरची बायको कॅथरिन मॉम्पेसन हिचे. ती ऑगस्ट १६६६ मध्ये गेली. म्हणून कॅशच्या पानावर 'प्लेगचे थडगे शोधा' असे आले आणि गावाचा इतिहास ठाऊक नसला, तर माणूस आवारभर भटकतो. ठाऊक असला तर सरळ त्या एका थडग्याशी जातो.

पायरी ४ : पोहोचणे

ईम हे शेफील्डच्या नैर्ऋत्येला, पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानात आहे. गाडीने गेलात तर संग्रहालयासमोर गाडीतळ आहे. रेल्वेने यायचे तर मँचेस्टर-शेफील्ड मार्गावरचे ग्रिंडलफर्ड स्टेशन सोयीचे. तिथून चालत दीड-दोन तास धरा, शेवटी चढ आहे. बसचे वेळापत्रक निघण्याच्या आदल्या दिवशीच पाहा, कारण ग्रामीण भागातल्या बसगाड्या बदलत राहतात. विचारताना 'ईम' म्हणा. स्पेलिंग पाहून 'एयाम' म्हटलेत तर चालकाला कळणार नाही.

रविवारी सकाळी जाऊ नका, उपासना असते. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी तर गावात 'प्लेग संडे' पाळतात. त्या दिवशी जायचे असेल तर त्या प्रार्थनेसाठीच जा, फोन खिशात ठेवून. आणि कधीही गेलात, आत अंत्यविधी किंवा लग्न चालू दिसले तर बाहेर जाऊन तासभर गाव बघा. कॅश कुठे पळून जात नाही.

पायरी ५ : दगड वाचणे

आता खरा आनंद सुरू होतो. सेंट लॉरेन्स चर्चच्या आवारात मी नवख्यांना चार जागी उभे करतो.

पहिला, सॅक्सन क्रॉस. आठव्या शतकाच्या आसपासचा, म्हणजे आजच्या चर्चच्या इमारतीपेक्षा कितीतरी जुना. दांड्याचा वरचा तुकडा हरवलेला आहे, त्यामुळे आडव्या बाहूंचा माथा खालच्या भागावर जरा बुटका बसल्यासारखा दिसतो. हे संरक्षित स्मारक आहे. हात लावायचा नाही, टेकायचे नाही, मुलांना चढू द्यायचे नाही.

दुसरे, त्याच्याजवळच कॅथरिनचे थडगे. हे उभ्या शिळेचे नाही, दगडी मेजासारखे आहे. मजकूर लॅटिनमध्ये आहे. घाबरू नका. कोड्याला बहुधा वर्ष किंवा एखादे नाव एवढेच हवे असते, आणि ती दोन्ही लॅटिन न येणाऱ्यालाही ओळखता येतात.

तिसरे, दक्षिणेच्या भिंतीवर उंचावर बसवलेले सूर्यघड्याळ, १७७५ सालचे. त्यावर तासांच्या रेघांशिवाय राशी आणि दूरदूरच्या ठिकाणांची नावेही कोरली आहेत. खालून वाचताना मान दुखते, म्हणून फोनने फोटो काढून मोठा करून वाचा. ऊन असेल तर वेळ ताडून बघा. उन्हाळ्यात ब्रिटनची घड्याळे तासभर पुढे केलेली असतात आणि सूर्याला ते ठाऊक नसते, त्यामुळे सावली तासाभराने मागे दिसेल.

चौथी जागा आपल्या लोकांना सगळ्यांत आवडते. डर्बीशरकडून खेळलेला क्रिकेटपटू हॅरी बॅगशॉ १९२७ मध्ये वारला, त्याची शिळा इथे आहे. तिच्यावर चेंडूने उडवलेल्या यष्टी कोरल्या आहेत. वरच्या बाजूला पंचाचा हात, एक बोट वर केलेले. फलंदाज बाद, आणि बोट आकाशाकडे. ज्याने कोणी ही कल्पना काढली त्याचे त्या माणसावर प्रेम होते हे दगडावरून कळते. इथे पाच मिनिटे जास्त थांबा.

आता सापळे. अठराव्या शतकातल्या इंग्रजी शिळा वाचताना नवखा माणूस या ठिकाणी हमखास अडखळतो.

*लांब 'एस'.* जुन्या कोरीवकामात शब्दाच्या मध्ये येणारा एस हा एफसारखा दिसतो. कोड्यात 'या शब्दात एफ किती' असे विचारले असेल तर दोनदा बघा.

*वय.* 'वयाच्या ६३व्या वर्षी' याचा अर्थ ६३वे चालू होते, पूर्ण झाली होती ६२. आपल्याकडेही असेच म्हणतात, पण इंग्रजी वाचताना ते डोक्यात येत नाही. कोड्यात वय विचारले आहे की शिळेवरचा आकडा, ते प्रश्नातच नीट वाचा.

*दुहेरी वर्ष.* १७५२ पर्यंत इंग्लंडात कायद्याचे नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे जानेवारी ते मार्चमधल्या तारखांपुढे १६६५/६ असे जोडवर्ष दिसते. ते कोरणाऱ्याची चूक समजून एक आकडा सोडून देऊ नका.

*रोमन आकडे.* एमडीसीएलएक्सव्हीआय म्हणजे १६६६. हजारापासून एकापर्यंतची सगळी चिन्हे उतरत्या क्रमाने एकेकदा येतात, म्हणून हे लक्षात ठेवायला सोपे.

*'रेलिक्ट'.* नावापुढे हा शब्द असेल तर ती बाई त्या माणसाची विधवा. कोड्यात 'पत्नीचे नाव' विचारले असेल तर तीच.

अक्षरे झिजलेली असतील तर काय करायचे? शेवाळ खरवडू नका, खडू फासू नका, पाणी ओतून घासू नका, कागद ठेवून पेन्सिलही फिरवू नका. दगडावरची दगडफुले वर्षाला मिलिमीटरच्या हिशेबाने वाढतात आणि जुन्या वाळूच्या दगडाचे पापुद्रे बोटानेही सुटतात. टॉर्च शिळेच्या अगदी कडेला, पृष्ठभागाला समांतर धरा. तिरप्या उजेडात खोलगट अक्षरांत सावली भरते आणि दिसेनासा झालेला आकडा एकदम उठून येतो. सकाळी लवकर किंवा संध्याकाळचे ऊन हेच काम फुकटात करते. शिळेचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते पाहून वेळ निवडा.

मुले बरोबर असतील तर त्यांच्याकडे वाचनाचे काम द्या, एकेकाला एकेक आकडा शोधायला सांगा. फक्त दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. इंग्लंडातल्या बहुतेक जुन्या चर्चयार्डांत यू नावाची सदाहरित झाडे असतात. त्यांची लाल फळे दिसायला गोड, पण बी आणि पाने विषारी. आणि जुन्या उभ्या शिळा सैल असू शकतात, त्यांना रेलू देऊ नका.

पायरी ६ : गणित

सरावासाठी एक लहानसे कोडे देतो. हा खरा कॅश नाही, ईमच्या दगडांवरून मीच रचले आहे, तेव्हा उत्तराच्या जागी जाऊन डबी शोधू नका.

ए = सूर्यघड्याळावरच्या वर्षाचा शेवटचा अंक
बी = कॅथरिनच्या मृत्यूच्या वर्षात ६ किती वेळा येतो
सी = बॅगशॉच्या मृत्यूच्या वर्षाचा शेवटचा अंक
उत्तरेचा आकडा : एन ५३° १७.एबीसी
ताळा : ए + बी + सी = १५

१७७५ वरून ए ५, १६६६ वरून बी ३, १९२७ वरून सी ७. बेरीज १५, ताळा जमला. उत्तर एन ५३° १७.५३७. चर्च साधारण १७.०५ वर आहे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर, म्हणजे हे ठिकाण चर्चच्या उत्तरेला ९०० मीटरांच्या आसपास, गावामागच्या चढावर पडते. उत्तर मिळाले की असा अंदाज दर वेळी घ्या. बिंदू कोणाच्या छपरावर किंवा पायवाट नसलेल्या शेताच्या मधोमध आला तर चालू लागण्याआधी गणित पुन्हा तपासा.

या पायरीत दोन चुका सर्रास होतात, आणि दोन्ही आपल्या सवयींतून येतात.

पहिली, अंश-मिनिटांची. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटे वापरतात, गूगल मॅप्सवर साधारणपणे दशांश अंश दिसतात. ५३° १७.०४० म्हणजे ५३.१७०४० नव्हे. १७.०४० ला ६० ने भागायचे, उत्तर ५३.२८४. हे न करता आकडे तसेच टाकलेत तर नुसत्या अक्षांशातच तुम्ही साडेबारा किलोमीटर दक्षिणेला जाता. सोपा उपाय म्हणजे आकडे अ‍ॅपमध्येच टाका, तिथे रकाने बरोबर असतात.

दुसरी, पूर्व-पश्चिमेची. भारतात सगळे रेखांश पूर्वेचे, त्यामुळे हात आपोआप 'ई' कडे जातो. ईम ग्रीनिचच्या पश्चिमेला आहे, साधारण डब्ल्यू १° ४०.५ वर. डब्ल्यूच्या जागी ई पडला की बिंदू थेट नॉर्थ सीमध्ये. इतके दूर गेले तर लगेच कळते. पण लंडनजवळ, जिथे रेखांश शून्याच्या आसपास असतो, तिथे ही चूक दोन-चार किलोमीटरची होते आणि लक्षात येत नाही.

पायरी ७ : डबी शोधणे

आवाराच्या फाटकातून बाहेर या. सार्वजनिक पायवाट सोडू नका. वाटेत फाटक उघडे मिळाले तर उघडे, बंद मिळाले तर बंद, जसे असेल तसेच सोडा. वसंतात मेंढ्यांची पिल्ले लहान असतात, त्यांच्यापासून लांबून जा. हिरव्या दंतुर पानांची नेटल नावाची झुडपे वाटेच्या कडेला असतात, लागली की खाज आणि आग होते. उंच गवतातून आल्यावर पायांवर गोचीड नाही ना हेही बघा. त्यांच्यामुळे लाइम रोग होऊ शकतो.

फोन 'शून्य मीटर' दाखवू लागला की तो खिशात टाका. झाडाखाली जीपीएस पाच-दहा मीटर इकडेतिकडे डुलतोच. आता डोळ्यांचे काम. जागेपासून दहा पावलांच्या आत माणूस डबी कुठे लपवेल ते पाहा: दिशाफलकाच्या खांबामागे, बाकाखाली, झाडाच्या बुंध्यातल्या ढोलीत, वेलीखाली, लोखंडी कठड्याच्या आत चुंबकाने चिकटवलेली. काड्या किंवा चपटे दगड ओळीने रचल्यासारखे दिसले तर ते बहुधा माणसाचे काम. अडलात तर पानावरची सूचना उघडा. ती सांकेतिक लिपीत असते, पण अ‍ॅपमध्ये बोट लावले की उलगडते. सूचना वाचण्यात काही कमीपणा नाही.

तिथल्या शेतांभोवती चुना-मातीशिवाय रचलेल्या दगडी भिंती दिसतील, आपल्या कोकणातल्या गडग्यासारख्या. गडग्याचा एकही दगड हलवू नका. एक दगड ओढला की शेजारचे सैल होतात आणि पुढच्या हिवाळ्यात तेवढा भाग कोसळतो. ते पुन्हा रचणे हे जाणकाराचे, खर्चाचे काम आहे. डबी भिंतीतच असली पाहिजे असे वाटू लागले तर शोध थांबवा.

येणारे-जाणारे बघतील. खेळ न खेळणाऱ्यांना इथे 'मगल' म्हणतात, आणि त्यांच्यासमोर डबी काढायची नाही असा संकेत आहे. माणूस पुढे जाईपर्यंत नकाशा बघत उभे राहा. पण कोणी विचारलेच तर लपवाछपवी करू नका. 'आम्ही जिओकॅशिंग करतोय' हे हसून सांगा. खेड्यातल्या वयस्कर मंडळींना ते बहुधा माहीत असते, आणि एकदा बोलणे सुरू झाले की गावाची अशी माहिती मिळते जी कुठल्या फलकावर नसते.

पायरी ८ : नाव लिहिणे

मायक्रो डबी जुन्या फिल्मच्या रिळाच्या डबीएवढी असते. त्याहून लहान नॅनो, बोटाच्या पेराएवढी. आत कागदाची घट्ट गुंडाळी. ती बोटांनी ओढलीत की कडा फाटते, म्हणून चिमटा. गुंडाळी अलगद बाहेर काढा, शेवटच्या नावाखाली तारीख आणि आपले टोपणनाव लिहा, काठी फिरवल्यासारखी पुन्हा घट्ट वळा. सैल वळली तर झाकण पूर्ण बसत नाही, आत पाणी जाते आणि महिन्याभरात सगळ्यांच्या नावांचा लगदा होतो. झाकण फिरवताना कागदाची कड आट्यांत अडकली नाही ना ते बघा. मग डबी जिथे होती तिथेच, तशीच झाकून ठेवा. 'इथे जास्त चांगली लपेल' म्हणून हलवू नका, पुढच्याचा शोध फुकट जाईल.

मोठ्या डबीत लहानसहान वस्तू असतात. एक घ्यायची तर तेवढ्याच मोलाची एक ठेवायची. खाण्याचे काही ठेवू नका. क्रमांक कोरलेले धातूचे बिल्ले दिसले तर ते भेट म्हणून न्यायचे नसतात. ते एका कॅशमधून दुसऱ्यात प्रवास करतात. पुढे सोडणार असाल तरच उचला.

घरी आल्यावर अ‍ॅपवर नोंद करा. नुसते 'टीएफटीसी', म्हणजे कॅशबद्दल आभार, एवढे लिहून मोकळे होऊ नका. ज्याने डबी लपवली तो पदरमोड करून ती सांभाळतो. काय आवडले, कागद भरला आहे का, डबी ओली आहे का, हे दोन-तीन वाक्यांत लिहिले तर त्याला कामाचे. नोंद मराठीतही लिहिता येते, सोबत एक ओळ इंग्रजीत जोडा. शिळांवरच्या उत्तरांचे किंवा डबीच्या जागेचे फोटो टाकायचे नाहीत. आणि डबी सापडली नसेल तर 'सापडली नाही' अशीच नोंद करा. नोंदच न करणाऱ्यांमुळे हरवलेल्या डब्या महिनोन् महिने नकाशावर राहतात आणि मागून येणारे फसतात.

वेळ उरला तर

गावाबाहेर अर्ध्या तासाच्या चालीवर रायली ग्रेव्ह्ज आहेत, हॅनकॉक कुटुंबाची. ऑगस्ट १६६६ मध्ये एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले पुरली, एकटीने. शेतात एका गोल भिंतीच्या आत या शिळा आहेत आणि जागा नॅशनल ट्रस्टकडे आहे. तिथे कॅश शोधायला म्हणून जाऊ नका, नुसते जा.

स्वतःची डबी लपवायची असेल तर

पाच-दहा कॅश सापडले की ही इच्छा होतेच, आणि ती चांगली आहे. नियम थोडे आहेत पण कडक आहेत. दुसऱ्या डबीपासून किमान १६१ मीटर अंतर हवे. जागेच्या मालकाची परवानगी हवी. प्रत्येक नवा कॅश स्वयंसेवक तपासतात आणि मगच तो नकाशावर येतो. डबी ओली झाली, हरवली तर तुम्हीच जायचे असते, म्हणून सहलीच्या गावी न ठेवता घराजवळ ठेवा. तुमच्या भागातले चर्च निवडलेत तर आधी व्हिकर (तिथले धर्मगुरू) किंवा चर्चवॉर्डन (चर्चची व्यवस्था पाहणारे) यांना भेटा. फोन किंवा ईमेलपेक्षा उपासनेनंतर प्रत्यक्ष बोललेले बरे. आवारातल्या कोणत्या शिळांवरून प्रश्न काढणार आणि डबी भिंतीबाहेर कुठे ठेवणार, हे कागदावर काढून न्या. अलीकडच्या, ज्यांचे नातेवाईक अजून फुले घेऊन येतात अशा थडग्यांवरून प्रश्न काढू नका. शंभर वर्षांपूर्वीच्या शिळा, फाटकावरची तारीख, बाकावरची पाटी, दारावरचा सूचनाफलक एवढ्यावर उत्तम कोडे होते. सूचनाफलकाचा मजकूर मात्र बदलत असतो, त्यावर आकडा अवलंबून ठेवलात तर दर दोन-तीन महिन्यांनी जाऊन खात्री करा.